न दिसणाऱ्या शत्रूवर मारा



ज्वारी हुरड्यावर आली, म्हणजे मचाणावरचा राखणदार गोफण फिरवतो. पाखरे धांड्यांआड असतात. ती त्याला दिसत नाहीत. परंतु दगड कोणत्या दिशेने आणि किती उंच सोडला असता कोठे पडेल, हे त्याला पुरते ठाऊक असते. आजच्या विषयाचे मूळ या गोफणीत आहे. मशीनगन म्हणजे डोळ्यांसमोरच्या शत्रूवर सरळ रेषेत चालवायचे हत्यार, अशी आपली समजूत सिनेमाने करून दिली आहे. टेकडीपलीकडच्या, न दिसणाऱ्या रस्त्यावरही तिचा मारा करता येतो, आणि पहिल्या महायुद्धात तो पुष्कळ झाला.

युद्धखेळ हाही जुनाच प्रकार आहे. प्रशियाच्या राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने 1824 साली नकाशा, सोंगट्या, फासे आणि पंच यांच्या साहाय्याने लढाईचा खेळ सिद्ध केला व तो तेथील सैन्यात शिकवला गेला. 1913 साली एच. जी. वेल्स यांनी खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम पुस्तकरूपाने काढले. आज हौशी माणसे टेबलावर हे खेळ खेळतात, आणि सैन्यातले अधिकारीही अशा खेळांतून निर्णय घेण्याचा सराव करतात. म्हणून खेळाचा नियम खोटा असला, तर निर्णयाची सवयही खोटी लागते.

प्रथम यंत्र पाहू. व्हिकर्स मशीनगन 1912 साली ब्रिटिश सैन्यात आली आणि 1968 पर्यंत टिकली. ती तिपाईवर पक्की बसे, मिनिटाला सुमारे 450 ते 500 गोळ्या सोडी आणि तिची नळी पाण्याच्या आवरणाने थंड राखली जाई. टेकडीपलीकडे मारा करायचा तर आधी नकाशावर अंतर मोजायचे. मग दोन ठिकाणांच्या उंचीतला फरक काढायचा, कोष्टकातून नळीचा कोन घ्यायचा आणि गवंड्याच्या पाणसळीसारख्या उपकरणाने तो कोन लावायचा. दिशा जमिनीत रोवलेल्या खुंटीवरून धरायची. वाटेत आपलीच माणसे असतील, तर गोळ्या त्यांच्या डोक्यावरून पुरेशा उंच जातात की नाही, याचा वेगळा हिशेब करायचा. दिशेत एका अंशाची चूक झाली, तर 2,000 वारांवर गोळ्या सुमारे 35 वार बाजूला पडतात.

शिवाय सगळ्या गोळ्या एका ठिकाणी पडत नाहीत. नळीने पाणी उडवले तर ते जसे जमिनीवर लांबट पट्ट्यात सांडते, तशा त्या पसरतात. अर्थात हा मारा माणसावर नसून जागेवर असतो. त्याने माणसे थोडी मरतात; पण रस्ता बंद होतो, रसद अडते, शत्रू जमिनीला चिकटून राहतो. खेळात फासा टाकून ‘चार शिपाई पडले’ एवढेच मोजणे म्हणूनच चूक आहे. जो पट्टा मारला, त्यातून जाणाऱ्या प्रत्येकाला किती उशीर झाला, हे मोजले पाहिजे. मारा सुरू होण्याआधी मोजणीचा वेळ धरला पाहिजे, आणि परिणाम काय झाला हे, पुढे निरीक्षक नसेल तर, मारणाऱ्याला पंचाने सांगता कामा नये.

कामगार चळवळीत वावरणाऱ्या माणसाला एक सवय जडते. माल किती निघाला हे ऐकले, की तो किती हातांनी काढला, हे तो विचारतो. फ्रान्समध्ये हाय वूड येथे 24 ऑगस्ट 1916 रोजी दहा व्हिकर्स तोफांनी बारा तासांत जवळजवळ दहा लाख गोळ्या सोडल्या, असे हचिसन नावाच्या अधिकाऱ्याने पुढे लिहिले. अभ्यासकांनी या आकड्याविषयी शंका घेतली आहे. आपण नुसता हिशेब करू. एका पट्ट्यात 250 काडतुसे; म्हणजे 4,000 पट्टे. दहा हजार गोळ्यांमागे एक नळी बदलायची म्हटली, तर 100 नळ्या. ते पट्टे भरणारे हात, उकळून जाणारे पाणी पुन्हा आणणारे खांदे, आणि पेट्या वाहणारी माणसे या आकड्याच्या मागे उभी आहेत. ज्या खेळात काडतुसे, पाणी आणि नळ्या यांची वजावट होत नाही, तो खेळ सेनापतीला फुकटच्या श्रमाची चटक लावतो.

या शास्त्राचा आपल्या भागाशीही संबंध आहे. इंग्रज सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची सैन्यभरती बंद केली होती. 1941 च्या ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आग्रह होता. 1946 साली ती मशीनगन रेजिमेंट झाली आणि तिचे केंद्र नागपूरजवळ कामठीला आले. पुढे 1960 नंतरच्या दशकात तिचे रूपांतर साध्या पायदळात झाले व केंद्र आता मध्य प्रदेशात सागर येथे आहे. पण तिच्या बिल्ल्यावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन व्हिकर्स अजून आहेत. ज्यांच्या वाडवडिलांना पाटीपासून दूर ठेवले गेले, त्यांच्या हाती सैन्याने नकाशा, कोन आणि कोष्टक यांवर चालणारे हत्यार दिले. बुद्धीची मक्तेदारी सांगणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

एक नियम मी आणखी सुचवीन. नकाशावरच्या त्या लांबट पट्ट्यात गाव, विहीर किंवा शेत असेल, तर पंचाने त्याची नोंद करावी आणि डाव संपल्यावर ती मोठ्याने वाचावी. गोफणवाल्याला निदान शेत आपले आहे, हे माहीत असते. टेकडीपलीकडे मारा करणाऱ्याला शेत कोणाचे, हे दिसत नाही. म्हणून त्याला ते सांगण्याची सोय नियमातच हवी.