पोर्टलवर नंबर कुणाचा?

गटाच्या बैठकीत हल्ली ‘पोर्टलवर टाका’, ‘पोर्टलवर बघा’ असं सारखं कानावर पडतं. पोर्टल म्हणजे मोबाइलवर उघडणारी कचेरीच समजा. कचेरीत बाहेरच्या फळ्यावरची सूचना कुणीही वाचतं, पण आतल्या कपाटातलं रजिस्टर ठरावीक माणसांनाच उघडता येतं. पोर्टलचंही तसंच.

आधी फळा बघू. सोयाबीन, तूर किंवा हरभरा लातूरच्या, नांदेडच्या मोंढ्यात न्यायच्या आधी कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजारभाव बघता येतात. पासवर्ड लागत नाही, पैसे लागत नाहीत. बाजार समितीच्या नावापुढे आवक आणि क्विंटलचे तीन दर असतात: कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण. आपली नजर नेमकी जास्तीत जास्त दरावर जाते! पण तो दर दोन-चार कट्ट्यांनाच मिळालेला असू शकतो, तेही स्वच्छ आणि वाळलेल्या मालाच्या. बहुतेक माल ज्या भावाच्या आसपास गेला, तो सर्वसाधारण दर. टेम्पोच्या भाड्याचा, हमालीचा हिशोब त्याच्यावर करा. माल ओला असेल, काडीकचरा असेल तर त्याच्याही खाली येणार हे धरून चाला. गटातल्या चौघींचा माल एकाच गाडीत न्यायचा का, हे मग घरी बसूनच ठरवता येतं.

आता कपाट. उमेद अभियानात गटांच्या नोंदी ‘लोकोस’मध्ये भरतात. सभासद कोण, बचत किती, कर्ज किती दिलं, किती फिटलं, सगळं तिथे जातं. हे सगळ्या गावाला दिसत नाही, आणि दिसू नयेच. कुणाच्या घरावर किती कर्ज, ही काय पारावरच्या गप्पांची गोष्ट आहे? पण वरची कार्यालयं गट कसा चाललाय ते याच नोंदीवरून बघतात. आपल्या वहीत हप्ता जमा आणि तिथे भरायचा राहिला, तर फिटलेलं कर्ज थकीत दिसतं. पोर्टलला स्वतःहून काही कळत नाही. कुणीतरी भरलं तेवढंच त्याला माहीत.

धंद्याच्या नोंदणीचं तर याहून महत्त्वाचं. पापड, मसाला, शिलाई, काहीही करत असाल तर ‘उद्यम’ पोर्टलवर नोंदणी होते. 1 जुलै 2020 पासून ही पद्धत आहे आणि सरकारी पोर्टलवर ती फुकट आहे. नोंदणीची फी म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. सरकारी कार्यालयं ज्या ‘जेम’ पोर्टलवरून खरेदी करतात, तिथे विक्रेता म्हणून उतरायलाही ही नोंदणी उपयोगी पडते. केंद्र सरकारची खाती आणि कंपन्या यांनी 100 रुपयांच्या खरेदीतले किमान 25 रुपये लहान उद्योगांकडून आणि त्यातले 3 रुपये महिलांच्या उद्योगांकडून घ्यावेत, असं धोरण आहे.

आता बघा, मसाला कुटते बाई, आणि नोंद नवऱ्याच्या नावावर! मग ते 3 रुपये तिच्यासाठी नाहीत, कारण कागदावर तो महिलेचा उद्योग नाही. मोबाइल नंबरचंही असंच. ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर येतो. तो नंबर मुलाचा असला आणि मुलगा पुण्याला कामाला असला, की ओटीपीही पुण्याला जातो. तो कामात, फोन उचलत नाही, आणि इकडे आपण सेवा केंद्रात ताटकळत बसतो. गिऱ्हाइकाचा फोनही नोंदवलेल्या नंबरवरच येणार. ‘आमच्या बाईला काय कळतंय’ म्हणत भाव ठरवणारा मग दुसराच कुणीतरी असतो.

म्हणून पुढच्या बैठकीत दोन कामं उरकून घ्या. नोंदी भरणाऱ्या ताईंना गटाचं पान मोबाइलवर उघडायला सांगा आणि आपली वही शेजारी ठेवून प्रत्येकीचा आकडा मोठ्याने वाचा. मग आधारला कुणाचा नंबर आहे ते एकेकीला विचारा. दुसऱ्याचा असेल तर आधार केंद्रावर जाऊन बदलता येतो. चार-पाच जणी निघाल्या तर एकाच रिक्षात जा.