ग्राफिक्स कार्ड नवे, तरी खेळ अडखळतो

बेदाण्याचे किंवा हळदीचे पैसे हातात आले की सांगली-तासगावकडच्या घरांतून खर्चाची यादी निघते. अलीकडे त्या यादीत ट्रॅक्टरच्या टायरखाली आणि लेकीच्या फीखाली आणखी एक ओळ दिसू लागली आहे : ग्राफिक्स कार्ड. मुलगा साताऱ्याला किंवा सांगलीला कॉलेजात असतो, घरी जुना संगणक असतो, त्यावर खेळ अडखळत चालतो. “नवं कार्ड टाकलं की झालं,” असं तो सांगतो. वडील वीस-पंचवीस हजार मोजतात, कार्ड बसतं, आणि खेळ चालतो तो पूर्वीसारखाच. मग वडील म्हणतात, दुकानदारानं फसवलं. मुलगा म्हणतो, कार्डच खराब निघालं. आजी काहीच म्हणत नाही, पण तिच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं.

पुष्कळदा यांपैकी काहीच खरं नसतं. विद्यार्थी अशी तक्रार घेऊन आले की मी आधी एकच विचारतो : कार्ड काम करतंय, की कामाची वाट पाहत बसलंय?

हे नीट समजायला टेंभू योजनेकडे पाहा. कराडजवळ कृष्णेचं पाणी उचलायचं आणि टप्प्याटप्प्यानं चढवत खानापूर-आटपाडीकडच्या माळापर्यंत न्यायचं. आता समजा, वरच्या एका टप्प्यावर दुप्पट ताकदीचे पंप बसवले आणि खालच्या टप्प्यावर जुनेच ठेवले, तर आटपाडीला पाणी वाढेल का? कसं वाढणार? खालून येईल तेवढंच वरचा पंप उचलणार.

संगणकातला खालचा टप्पा म्हणजे प्रोसेसर. कोण कुठे उभा आहे, गाडी किती वळली, गोळी कुणाला लागली, हा सगळा हिशेब तो करतो आणि “आता असं चित्र काढ” असा हुकूम कार्डाला देतो. कार्ड रंग भरतं. नेहमीच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६००. सेकंदाला ६० चित्रं हवीत, तर दर सेकंदाला बारा कोटींहून अधिक ठिपके रंगवावे लागतात. चांगलं कार्ड ते करतं. परंतु एका चित्राचा हिशेब करायला प्रोसेसरला सेकंदाचा तिसावा भाग लागत असेल, तर सेकंदाला तीसच चित्रं निघणार, मग कार्ड वीस हजारांचं असो की दोन लाखांचं.

तरीही प्रोसेसरला लगेच दोष देऊ नका. पहिली तपासणी अगदी हसू येण्यासारखी आहे. पडद्याची केबल कुठे जोडली आहे ते पाहा. पुष्कळ घरांत ती जुन्याच जागी, म्हणजे मदरबोर्डच्या खाचेत राहिलेली असते. प्रोसेसरमध्ये स्वतःचं लहानसं ग्राफिक्स असलं तर पडद्यावर चित्र येतं, म्हणून कुणाला शंकाही येत नाही, आणि नवं कार्ड आत नुसतं बसून राहतं. केबल काढून कार्डाच्या खाचेत लावली की काम झालं. तसंच पडद्याचं. १४४ हर्ट्झचा पडदा आणला, पण विंडोजच्या सेटिंगमध्ये ६० च ठेवलं, तर डोळ्यांना साठच्या वर काही मिळत नाही.

आता मोजणीकडे वळू. खेळ चालू असताना टास्क मॅनेजर उघडा आणि कार्ड किती टक्के कामात आहे ते बघा. आकडा पंचाण्णवच्या पुढे असेल तर कार्ड पूर्ण राबतंय, त्याच्याकडून आणखी मागण्यात अर्थ नाही. चाळीस-पन्नासवर रेंगाळत असेल तर ते वाट पाहतंय. प्रोसेसरचा आकडा मात्र फसवा असतो. आठ थ्रेडच्या प्रोसेसरमध्ये एक थ्रेड दमून गेला आणि सात रिकामे राहिले, तरी एकूण आकडा साडेबारा टक्केच दिसतो. सरासरी कशी फसवते, हे वर्गात सांगायला गुरुजींना याहून चांगलं उदाहरण मिळायचं नाही.

यावर एक साधा प्रयोग आहे, आणि तो फुकट आहे. खेळाच्या सेटिंगमध्ये चित्राचा आकार १९२० गुणिले १०८० वरून १२८० गुणिले ७२० वर आणा. ठिपके निम्म्याहूनही कमी झाले, म्हणजे कार्डाचं ओझं उतरलं. सेकंदाची चित्रं वाढली तर अडचण कार्डाची होती. मुळीच वाढली नाहीत तर अडचण दुसरीकडे आहे. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदला आणि आकडा वहीत लिहा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाचा आला ते कळणार नाही.

दुसरीकडे म्हणजे कुठे? मेमरीची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी घाला, कारण दोन पट्ट्या दोन वाटांनी माल पुरवतात. ३२०० ची पट्टी बायॉसमध्ये तिची नोंद चालू केल्याशिवाय बहुधा कमी वेगानं चालते. कार्ड प्रोसेसरजवळच्या वरच्या स्लॉटमध्ये आहे ना, तेही पाहा. कार्डातही फरक असतो. एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी हे २०२२ च्या जानेवारीत आलेलं कार्ड चारच पदरी वाटेचं आहे. जुन्या, तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्स्प्रेस बोर्डावर त्याची वाट आणखी अरुंद होते. स्वस्त म्हणून जुन्या यंत्रात घातलेलं कार्ड जुन्या यंत्रातच जास्त मार खातं, हा मोठा विनोदच म्हणायचा.

माण-खटावच्या धुळीचं मी वेगळं सांगायला नको. पंखे बुजले की कार्ड तापतं आणि स्वतःच वेग कमी करतं. खेळ पंधरा मिनिटं चांगला चालून मग मंदावत असेल तर हेच समजा. वीजपुरवठ्याची पेटी अपुरी असेल, तर यंत्र बहुधा मंद होत नाही, एकदम बंद पडतं.

गावाकडे आणखी एक घोटाळा होतो. इतरांशी जोडून खेळताना समोरचे खेळाडू उड्या मारल्यासारखे दिसतात, पण आपण मान फिरवली की चित्र मऊ फिरतं. हा दोष इंटरनेटचा. तो कोणतंही कार्ड काढू शकत नाही.

आणि अखेर प्रोसेसरच दमलेला निघाला तरी सगळं यंत्र बदलायची गरज नसते. एएमडीच्या एएम४ जातीचे २०१७ पासूनचे पुष्कळ बोर्ड बायॉस नवं केल्यावर पुढच्या पिढीचे प्रोसेसर घेतात. बोर्डाच्या कंपनीची यादी पाहूनच खरेदी करा. बायॉस नवं करताना मध्येच वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून यूपीएस जोडा. तो नसेल तर यंत्र शहरातल्या दुकानात न्या.