‘मानायला काय जाते?’ : पास्कलच्या पैजेची उलटतपासणी

घरात कुणी अंथरुणाला खिळले, मिल किंवा कारखाना बंद पडला, पोरीचे लग्न जमेना की सल्ला देणाऱ्यांची रीघ लागते. सल्ला पुष्कळदा एकाच वळणाचा असतो : “अहो, मानून तर बघा! खरे निघाले तर कल्याण झाले, खोटे निघाले तर तुमचे जाते काय?” बोलणाऱ्याचा हेतू वाईट असतोच असे नाही. ऐकणाराही थकलेला असतो. ‘खरेच, जाते काय?’ असे म्हणून तो मान डोलावतो.

वाचक बंधू-भगिनींनो, हा युक्तिवाद चाळीच्या ओट्यावर जन्मलेला नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वी फ्रान्समधील एका थोर गणितज्ञाने ख्रिस्ती श्रद्धेच्या समर्थनासाठी तो मांडला. त्याचे नाव ब्लेझ पास्कल (१६२३–१६६२). वडील करखात्यात अधिकारी होते. त्यांची आकडेमोडीची दगदग वाचावी म्हणून १६४२ साली, एकोणिसाव्या वर्षी, त्याने बेरीज-वजाबाकीचे यंत्र बनवायला घेतले. १६५४ मध्ये फर्मा या दुसऱ्या गणितज्ञाशी पत्रव्यवहार करताना, अर्धवट राहिलेल्या जुगाराच्या डावातील पैसे कसे वाटावेत, याचे उत्तर दोघांनी शोधले. संभाव्यतेच्या गणिताचा पाया तिथे घातला गेला. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरच्या रात्री त्याला एक तीव्र धार्मिक अनुभव आला. त्याची नोंद त्याने अंगरख्याच्या अस्तरात शिवून ठेवली होती. ती मृत्यूनंतर नोकराच्या हाती लागली. म्हणजे माणूस ढोंगी नव्हता. म्हणूनच त्याचा युक्तिवाद थट्टेवारी न नेता नीट तपासला पाहिजे.

मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १६७० मध्ये, त्याची टिपणे ‘पांसे’ म्हणजे ‘विचार’ या नावाने छापली गेली. त्यात ही पैज आहे. पास्कल म्हणतो, ईश्वर आहे की नाही हे बुद्धीने ठरत नाही. पण जगायचे तर कुठल्यातरी बाजूने पैज लावावीच लागते. ‘आहे’ म्हणून मानले आणि तो असला, तर अनंत सुख मिळेल. नसला, तर नुकसान अगदी किरकोळ. एका पारड्यात अनंत लाभ आणि दुसऱ्यात मर्यादित तोटा असेल, तर शहाण्याने ‘आहे’ याच बाजूला उभे राहावे.

हिशेब चोख वाटतो. पण त्यात चार ठिकाणी गफलत आहे.

पहिली गफलत अशी की, पास्कलने पैजेचे दोनच रकाने आखले : ख्रिस्ती ईश्वर आहे किंवा नाही. पण जगात धर्म अनेक, आणि त्यांतले काही अशीच अनंत बक्षिसाची व अनंत शिक्षेची भाषा बोलतात. एकाच्या बाजूने पैज लावली की दुसऱ्याच्या हिशेबात माणूस दोषी ठरतो. दिदरो या फ्रेंच विचारवंताने १७६२ मध्येच दाखवून दिले की, हाच युक्तिवाद एखादा इमामही तितक्याच जोराने करू शकेल. जो युक्तिवाद परस्परविरोधी दोन्ही पक्षांना सारखाच उपयोगी पडतो, तो कुणाचाच पक्ष सिद्ध करीत नाही.

दुसरी गफलत. लाभ मोठा म्हणून गोष्ट खरी होत नाही. व्हॉल्तेअरने १७३४ मध्ये हेच सांगितले : एखादी गोष्ट मानण्यात माझे हित आहे, हा ती गोष्ट असल्याचा पुरावा नव्हे. पास्कलची बाजूही न्यायाने सांगितली पाहिजे. हा पुरावा आहे असे तो स्वतः म्हणत नाही. बुद्धीने निकाल लागत नाही म्हणूनच तो पैजेकडे वळतो. परंतु आज ही पैज पुढे करणारे बरेच जण एवढा फरक विसरतात आणि ‘मानणे फायद्याचे’ यावरून ‘म्हणून ते खरे’ अशी उडी मारतात.

तिसरी गफलत. विश्वास हा विजेच्या दिव्यासारखा बटण दाबून लावता येत नाही. ही अडचण पास्कलला ठाऊक होती. त्याचा उपाय असा : विश्वास असल्यासारखे वागा, पवित्र पाणी घ्या, प्रार्थना म्हणवून घ्या, सवयीने विश्वास बसेल. सवयीने माणूस घडतो हे खरेच. पण सवय खोट्या गोष्टीचीही लागते. आणि ईश्वर सर्व काही जाणणारा असेल, तर फायद्याच्या हिशेबाने केलेली भक्ती त्याला कळणार नाही काय? प्रामाणिक शंकेपेक्षा असली भक्ती त्याला प्रिय वाटेल, हे कशावरून?

चौथी गफलत सर्वांत महत्त्वाची : ‘जाते काहीच नाही’. जाते! वेळ जातो, पैसा जातो, कधी औषधोपचाराची वेळ टळते आणि आयुष्याचे निर्णय भीतीच्या हाती जातात. शिवाय ‘अनंत’ हा शब्द एकदा पारड्यात टाकला की कुठलाही तोटा किरकोळच ठरतो. उद्या रस्त्यात कुणी म्हणाला, ‘पगाराचे पाकीट दे, तुला अनंत सुख देतो,’ तर या गणिताने त्यालाही नाही म्हणता येणार नाही; शक्यता कितीही थोडी धरा, तिला अनंताने गुणले की उत्तर अनंतच. प्रत्यक्षात आपण पाकीट सांभाळतो आणि विचारतो, ‘कशावरून?’

ही पैज कोसळली म्हणून ईश्वर नाही, असे मात्र सिद्ध होत नाही. ते सिद्ध झाल्याचे सांगणे हीसुद्धा गफलतच होय. अनेक ख्रिस्ती विचारवंतांनीही ही पैज नाकारली आहे. श्रद्धा म्हणजे सौदा नव्हे, असे त्यांना वाटते. शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाने अडीअडचणीला केलेली मदत या पैजेवर उभी नसते आणि पैज फसल्याने ती खोटीही ठरत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी दारात येऊन ‘मानायला काय जाते?’ म्हणाले, तर चिडू नका. बसवा, चहा पाजा, ऐकून घ्या. मग शांतपणे तीन प्रश्न विचारा : हे खरे कशावरून? हाच युक्तिवाद दुसऱ्याने केला तर तुम्ही मान्य कराल काय? आणि खोटे निघाले तर किंमत कोण मोजणार? घरातल्या मुलामुलींनाही हे प्रश्न शिकवा. नवस असो, ताईत असो, ‘एकवीस जणांना पाठवा, नाहीतर अनर्थ होईल’ म्हणणारे पत्र असो, की आपल्याच माणसाने आपल्याच व्यासपीठावरून ठोकलेले भाषण असो, चाळणी सर्वांना एकच लावा.