डायरेक्टएक्स

मायक्रोसॉफ्ट या अमेरिकन कंपनीच्या विंडोज या परिचालन प्रणालीवर चित्र, ध्वनी व खेळांची नियंत्रणसाधने यांचा यंत्रसामग्रीशी जवळचा संबंध जोडून देणाऱ्या आज्ञावलींचा संच. कार्यक्रम प्रत्यक्ष चालू असताना अशा संचाची गरज लागते, म्हणून त्यास रनटाइम म्हणतात. संगणकावरील खेळ किंवा त्रिमितीय आराखड्याचा कार्यक्रम ग्राफिक्स कार्डाशी स्वतः व्यवहार करीत नाही. तो आपली मागणी रनटाइमकडे नोंदवितो, रनटाइम ती ड्रायव्हरकडे देतो व ड्रायव्हर तिचे कार्डास समजणाऱ्या आज्ञांत रूपांतर करतो. या साखळीतील नेमका कोणता दुवा निखळला आहे हे न पाहता केलेली दुरुस्ती बहुधा फुकट जाते आणि पुष्कळदा चांगले कार्ड निकामी ठरवून नवे विकत घेतले जाते.

डॉस प्रणालीच्या काळात खेळांच्या आज्ञावली यंत्रसामग्रीस थेट हात घालीत. विंडोज ९५ प्रणालीत (ऑगस्ट १९९५) ही मोकळीक उरली नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी सप्टेंबर १९९५ मध्ये डायरेक्टएक्सची पहिली आवृत्ती निघाली. त्रिमितीय चित्रणाचा डायरेक्ट३डी हा विभाग १९९६ मध्ये तीत आला. चौथ्या क्रमांकाची आवृत्ती कधीच प्रसिद्ध झाली नाही. ९.० ही आवृत्ती डिसेंबर २००२ मध्ये व तिचे ९.०सी हे सुधारित रूप ऑगस्ट २००४ मध्ये आले. विंडोज ९८ पासून एक्सपीपर्यंतच्या संगणकांवर ते वेगळे स्थापित करता येत असे. दहावी आवृत्ती विंडोज व्हिस्टाबरोबर आली आणि तेव्हापासून मूळ रनटाइम परिचालन प्रणालीचाच भाग झाला. त्यामुळे एक्सपीवर दहावी आवृत्ती अधिकृतपणे कधीच बसविता आली नाही. अकरावी विंडोज ७ बरोबर (२००९) व बारावी विंडोज १० बरोबर (२०१५) आली.

मराठी वाचकास हा प्रश्न खेळांपुरता वाटू नये. डॉसवर चालणाऱ्या संगणकांना देवनागरीची मांडणी येत नसे. त्यासाठी पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक, स्थापना १९८८) जिस्ट कार्ड हे जोडकार्ड उपलब्ध केले. त्यामागील तंत्राचा उगम कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत झाला होता. पुढे विंडोज २००० मध्ये भारतीय लिप्यांची सोय आली. एक्सपीमध्ये मात्र तो घटक मूळ तबकडीवरून वेगळा बसवावा लागे. तो नसल्यास ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे उमटे व जोडाक्षरे हलन्त चिन्हांसह सुटी पडत. दोष फॉन्टावर ठेवला जाई. वास्तविक उणीव मांडणी करणाऱ्या रनटाइमची असे. विंडोज ७ पासून डायरेक्टएक्सच्याच कुटुंबातील डायरेक्टराइट हा घटक हे काम करू लागला.

आवृत्ती तपासण्यासाठी विंडोजचे बटण व आर ही कळ एकदम दाबून उघडणाऱ्या चौकटीत डीएक्सडायग हे नाव रोमन लिपीत टाकावे. पहिल्या पानाच्या तळाशी डायरेक्टएक्सची आवृत्ती दिसते. ‘डिस्प्ले’ या पानावर कार्डाचे नाव, ड्रायव्हरची आवृत्ती व दिनांक, तसेच कार्डाची क्षमता-पातळी (फीचर लेव्हल) यांची नोंद असते. आवृत्ती व पातळी या दोहोंची गल्लत हेच बहुतेक घोटाळ्यांचे मूळ होय. आवृत्ती प्रणालीची असते, पातळी कार्डाची. विंडोज १० जुन्या कार्डासह चालत असली, तरी पहिल्या पानावर १२ हाच आकडा दिसतो. कार्डाची पातळी मात्र ११.० वा त्याहूनही कमी असू शकते. रजिस्ट्रीतील नोंदीवर तर मुळीच विसंबू नये. तेथे ४.०९.००.०९०४ हा ९.०सी आवृत्तीचा जुना आकडा नव्या प्रणालींतही तसाच राहिला आहे.

‘डी३डीएक्स९_४३.डीएलएल ही फाइल सापडत नाही’ अशी सूचना आली, की संगणकावर बारावी आवृत्ती असताना नववीची फाइल कशी मागितली जाते, असा प्रश्न पडतो. ही फाइल मूळ रनटाइमची नसून साहाय्यक ग्रंथालयाची आहे. २००५ ते २०१० या काळात तिचे क्रमांक २४ पासून ४३ पर्यंत वाढत गेले, आणि कार्यक्रम ज्या क्रमांकावर बेतला असेल तोच मागतो. पुढचा क्रमांक त्यास चालत नाही. यावर उपाय म्हणजे मायक्रोसॉफ्टचा जून २०१० चा पूर्ण संच. तो सुमारे ९५ मेगाबाइटचा असून तो चालविला की प्रथम फाइली एका फोल्डरात उलगडतात. त्यानंतर त्या फोल्डरातील डीएक्ससेटअप चालवावे लागते. अनेक जण पहिल्याच पायरीवर थांबतात. छोट्या आकाराचा ऑनलाइन स्थापक उरलेले भाग जाळ्यावरून आणतो. गडचांदूरसारख्या सिमेंट कारखान्यांच्या गावी जोडणी मिळत असली, तरी जिवती वा एटापल्लीकडील जंगलव्याप्त भागात ती तुटक असल्यास पूर्ण संच पेनड्राइव्हवर नेणे सोयीचे पडते. तो बसविल्याने बारावी आवृत्ती पुसली जात नाही.

सुटी फाइल अनोळखी ठिकाणाहून उतरवून घेणे धोक्याचे आहे, कारण तिच्यासोबत घातक आज्ञावली येऊ शकते. शिवाय ती चुकीच्या जागी पडण्याचा संभव असतो. ६४ बिटांच्या विंडोजमध्ये सिस्टिम३२ या फोल्डरात ६४ बिटांच्या फाइली असतात व ३२ बिटांच्या सिसवाव६४ मध्ये. नावे उलटी वाटतात. पण जुन्या कार्यक्रमांशी सुसंगती राखण्यासाठी ती तशी आहेत.

कार्डाच्या नावाऐवजी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर’ असे दिसले, तर ड्रायव्हर बसलेलाच नाही असे समजावे व तो संगणकाच्या किंवा कार्डाच्या निर्मात्याकडून घ्यावा. ओपनजीएल (१९९२) व व्हल्कन (२०१६) या दुसऱ्या आलेखिकी प्रणालींच्या बाबतीत तर ड्रायव्हर हाच मुख्य आधार. तो नसल्यास विंडोज ओपनजीएलची केवळ १.१ ही आवृत्ती दाखविते. जाळ्यावरून एकत्र खेळण्याचे काही जुने खेळ डायरेक्टप्ले हा घटक मागतात. विंडोज ८ पासून तो मुळात बंद असतो. नियंत्रण पटलातील विंडोजच्या वैकल्पिक सुविधांच्या यादीतून तो सुरू करता येतो. कार्डाची क्षमता-पातळीच कार्यक्रमाच्या मागणीहून कमी भरली, तर मात्र कोणताही संच उपयोगी पडत नाही. तेथे दुसरे कार्ड घ्यावे लागते.