शेतमजुराचे गाणे कार्नेगी हॉलमध्ये

ज्या संगीताला शहरी लोक गावंढळ समजत, ते न्यूयॉर्कच्या मानाच्या सभागृहात कसे रंगले, याची साक्ष देणारी ही ध्वनिमुद्रिका.

२५ मार्च १९६६च्या रात्री न्यूयॉर्कचे कार्नेगी हॉल श्रोत्यांनी खच्चून भरले होते. १८९१मध्ये या सभागृहाच्या उद्घाटनाला रशियन संगीतकार चायकोव्हस्की आला होता. पंडित रविशंकर आणि एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनीही येथे आपली कला सादर केली आहे. त्या रात्री मात्र रंगमंचावर होता बक ओवेन्स, कंट्री संगीत गाणारा एकेकाळचा शेतमजूर.

कंट्री म्हणजे अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतून आलेले संगीत. घर, प्रेम, ताटातूट आणि कष्ट हे त्याचे विषय. भारतात अनेकांना ते जिम रीव्ह्जच्या मुलायम आवाजामुळे माहीत आहे. ओवेन्सचा बाज निराळा होता. ठसठशीत इलेक्ट्रिक गिटार आणि ठेका धरायला लावणारे ड्रम हे त्याचे वैशिष्ट्य.

पोटासाठी वणवण

ओवेन्सचा जन्म १९२९ साली टेक्सासमधील शर्मन येथे एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. दुष्काळ आणि मंदीने गांजलेली हजारो कुटुंबे तेव्हा कॅलिफोर्नियाकडे निघाली होती. १९३७मध्ये ओवेन्स कुटुंबही निघाले, पण गाडीमागच्या ट्रेलरचा जोड वाटेतच तुटला आणि त्यांनी अ‍ॅरिझोनातील मेसा येथे बिऱ्हाड थाटले. बकची शाळा लवकर सुटली. सुगीच्या कामांवर राबतच तो गिटार शिकला.

१९५१मध्ये तो कॅलिफोर्नियातील बेकर्सफील्डला आला. तेथील दारूच्या गुत्त्यांतून दिवसभर राबलेले मजूर रात्री नाचायला येत. त्या गोंगाटात ऐकू जावे म्हणून वाद्ये खणखणीत वाजवावी लागत. त्यातूनच 'बेकर्सफील्ड साउंड' घडला. १९६३मध्ये त्याचे 'अ‍ॅक्ट नॅचरली' लोकप्रियतेच्या यादीत पहिले आले. पुढे ते बीटल्सनेही गायले.

ना बदल, ना दुरुस्ती

कार्नेगी हॉलचे आमंत्रण आले तेव्हा ओवेन्स साशंक होता. यापूर्वी अर्नेस्ट टब, पॅट्सी क्लाइन असे कंट्री गायक तेथे गाऊन गेले होते, तरी न्यूयॉर्कचे लोक आपल्यासाठी तिकिटे काढतील का, ही धास्ती होतीच. पण सर्व तिकिटे खपली.

मोठ्या सभागृहासाठी ओवेन्सने आपला बाज बदलला नाही. तो आणि त्याचे चार साथीदार इतरत्र जसे वाजवीत, तसेच येथेही वाजवले. गाजलेल्या गाण्यांचे तुकडे एकात एक गुंफले, इतर गायकांच्या नकला करून श्रोत्यांना हसवले. स्टुडिओत चुकले तर पुन्हा गाता येते. येथे ती सोय नव्हती. कॅपिटल कंपनीने त्याच वर्षी ही मैफल तबकडीवर आणली. तबकडीत न मावलेला भाग पुढे सीडीवर आला.

या मुद्रणाचे खरे मोल आहे ते ओवेन्स आणि डॉन रिच यांच्या जोडगायनात. गिटार आणि फिडल वाजवणारा रिच वरच्या पट्टीत असा सूर मिळवतो की दोन आवाज एकाच गळ्यातून आल्यासारखे वाटतात. १९७४मध्ये मोटारसायकलच्या अपघातात रिच गेला. ओवेन्स या धक्क्यातून कधीच पुरता सावरला नाही. त्या दोघांची ऐन भरातली मैफल या ध्वनिमुद्रिकेमुळे जशीच्या तशी उरली आहे.

१९९६मध्ये ओवेन्सने बेकर्सफील्डमध्ये 'क्रिस्टल पॅलेस' हे स्वतःचे संगीतगृह उघडले. मार्च २००६मध्ये एका रात्री प्रकृती बरी नसल्याने तो न गाताच घरी निघाला होता. तेवढ्यात दूरच्या ओरेगॉन राज्यातून खास त्याला ऐकायला आलेले चाहते भेटले. त्यांना निराश करणे त्याच्या जिवावर आले. तो परत फिरला आणि गायला. त्याच रात्री झोपेत त्याचे निधन झाले. तारीख होती २५ मार्च. कार्नेगी हॉलच्या मैफलीला त्या दिवशी बरोबर चाळीस वर्षे झाली होती.