गजर कितीवर लावायचा?

आंबेवाला पेटी विकण्याआधी एक फोड कापून आपल्या हातावर ठेवतो. चव पटली तर पेटी घ्या. इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपन्याही हेच करतात, फक्त त्यांच्या फोडीला ‘इव्हॅल्युएशन बोर्ड’ म्हणतात. एखादी चिप हजारोंच्या संख्येने विकत घेण्याआधी इंजिनीअरला ती वापरून बघता यावी, म्हणून कंपनी ती छोट्या बोर्डावर बसवते, सोबत यूएसबी जोडणी आणि सॉफ्टवेअर देते आणि म्हणते, बघा चाखून. घरच्या प्रयोगांसाठी हे बोर्ड फार सोयीचे असतात. सोल्डरिंगचा झारा हातात न धरताही काम होतं.

मी घेतलेला बोर्ड टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या ‘टीएमपी११७’ या डिजिटल तापमान सेन्सरचा. दिसायला पेन ड्राइव्हसारखा. एका टोकाला यूएसबी, मध्ये एक मायक्रोकंट्रोलर आणि दुसऱ्या टोकाला मोहरीच्या दाण्याएवढा सेन्सर. हा सेन्सर -२० ते ५० अंश सेल्सियसच्या टप्प्यात जास्तीत जास्त ०.१ अंशाने चुकतो. म्हणूनच तो डॉक्टरी थर्मामीटरमध्येही वापरता येतो. मला तो हवा होता फ्रीजसाठी. घरी आजीचं इन्सुलिन असतं आणि ते २ ते ८ अंशांत राहायला हवं. त्याहून गरम झालं तर हळूहळू त्याचा जोर कमी होतो. गोठलं तर ते सरळ टाकूनच द्यायचं, नंतर वितळलं तरी वापरायचं नाही. आणि आपल्याकडे बहुतेक घरांत ते ठेवलेलं असतं कुठे, तर फ्रीजच्या दारात, चटणीच्या बाटल्यांशेजारी.

बोर्ड सुरू करण्यात सांगण्यासारखं फारसं काही नाही. लॅपटॉपला लावा, ब्राउझरमध्ये कंपनीचं सॉफ्टवेअर उघडा, आलेख धावायला लागतो. पडद्यावर २७.३९०६ असा आकडा दिसतो आणि माणूस हरखतो. चार दशांश स्थळं! इथे थोडं थांबा. सेन्सर अंशाचे १२८ भाग करतो, त्यामुळे एक पायरी ०.००७८ अंशाची. पण खात्री ०.१ अंशाचीच आहे. सोनाराच्या काट्यावर भाजी तोलली म्हणून भाजी ताजी ठरत नाही, तसंच हे. पहिल्या दशांशापुढचे आकडे बदल बघायला उपयोगी, खरं तापमान सांगायला नाही.

गंमत पुढे आहे. बोर्ड लॅपटॉपलाच खोचून ठेवला तर आकडा हळूहळू चढत जातो. खोली गरम होत नसते, लॅपटॉपची ऊब तांब्याच्या पट्ट्यांतून सेन्सरपर्यंत पोचत असते. सेन्सर हवेचं तापमान सांगत नाही, तो स्वतःचं तापमान सांगतो, हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम झालं. गच्चीवर उन्हात ठेवलेला सेन्सर पन्नासच्या वर दाखवतो आणि बातम्यांत ४३ असतं. दोघंही खोटं बोलत नाहीत. हवामान खातं सावलीत, हवेशीर पांढऱ्या पेटीत मोजतं, आपण तापलेला बोर्ड मोजतो. यावर उपाय सोपा आहे, यूएसबीची लांब वायर. शिवाय या बोर्डावर सेन्सरकडच्या भागाला छिद्रांची रेघ आहे, पोस्टाच्या तिकिटासारखी. तिथून तो तुकडा मोडून वेगळा करता येतो आणि चार तारांनी रास्पबेरी पायला जोडता येतो: ३.३ व्होल्ट, ग्राउंड, डेटा आणि क्लॉक. या प्रकारचे चार सेन्सर त्याच दोन डेटा-क्लॉक तारांवर राहू शकतात, कारण चिपला चार वेगवेगळे पत्ते देण्याची सोय आहे.

तपासणी घरी करता येते. थर्मासमध्ये कुटलेला बर्फ भरा, तो जेमतेम भिजेल इतकं गार पाणी घाला, ढवळा, दहा मिनिटं थांबा. तिथे ० अंश. सेन्सर पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून आत सोडायचा. उकळत्या पाण्याचा प्रयोग मात्र पुस्तकातला १०० धरून करू नका. भोपाळ समुद्रसपाटीपासून साधारण ५०० मीटर उंचीवर आहे, आपल्याकडे पाणी ९८ अंशांच्या थोडं वर उकळतं. शाळेतल्या मुलांना हे दाखवून बघा, अर्धा तास प्रश्न संपत नाहीत.

आता या सेन्सरची सर्वांत कामाची सोय, गजर. चिपमध्ये वरची आणि खालची अशा दोन मर्यादा साठवता येतात. दर मोजणीनंतर ती आकडा या दोन कुंपणांशी ताडून बघते आणि बाहेर गेला तर झेंडा वर करते. सॉफ्टवेअरने तो वाचला की झेंडा खाली येतो. पुढच्या मोजणीतही आकडा बाहेरच असेल तर पुन्हा वर. कंपनीकडून येताना वरची मर्यादा असते १९२ अंश आणि खालची उणे २५६. म्हणजे गजर चालू आहे, ठणठणीत आहे, आणि घराला आग लागली तरी बहुधा वाजणार नाही. यात कंपनीचा दोष नाही. फ्रीज आहे की भट्टी, हे चिपला कुठून कळणार? तो आकडा आपणच भरायचा असतो, आणि ज्यावर पहारा ठेवायचा ती गोष्ट बदलली की पुन्हा भरायचा असतो.

भोपाळमध्ये राहून हे वाक्य लिहिताना टाकी क्रमांक ६१० आठवल्याशिवाय राहत नाही.

३ डिसेंबरची सुट्टी आपल्या सगळ्यांना माहीत आहे. घरोघरच्या त्या रात्रीच्या आठवणीही आपण ऐकल्या आहेत: कोण भेलच्या दिशेने पळालं, कोणी ओल्या टॉवेलने तोंड झाकलं. पण १९८४च्या त्या रात्रीची एक बाजू आमच्या पिढीने फारशी ऐकलेली नाही, ती तापमान मोजण्याची. युनियन कार्बाइडच्या कारखान्यात मिथाइल आयसोसायनेट म्हणजे ‘मिक’ जमिनीत अर्धवट पुरलेल्या टाक्यांत साठवलेलं असे. ६१० मध्ये त्या वेळी सुमारे ४० टन होतं. हे द्रव ३९ अंशांना उकळतं. आपल्या मे महिन्याच्या दुपारी उघड्या भांड्यात ठेवलं तर ते नुसत्या हवेने उकळेल. पाण्याशी त्याची अभिक्रिया होते, तिच्यातून उष्णता निघते आणि उष्णतेने अभिक्रिया आणखी वेग घेते. म्हणून ते ० अंशाच्या आसपास थंड ठेवायचं, असा कंपनीचाच नियम होता. त्यासाठी ३० टनांची शीतकरण यंत्रणा होती आणि तापमान ११ अंशांच्या वर गेलं की गजर वाजायचा होता.

हा ११चा आकडा नीट बघा. तो विचार करून निवडलेला आकडा आहे. टाकी ० ते ५ अंशांत असेल तर ११ म्हणजे काहीतरी बिघडलंय, आणि उकळायला अजून २८ अंश बाकी आहेत. माणसांना विचार करायला, फोन करायला, पळापळ करायला वेळ मिळतो.

जून १९८४ मध्ये शीतकरण बंद करण्यात आलं. त्यातलं रेफ्रिजरंट काढून कारखान्यात दुसरीकडे वापरलं गेलं. टाकीतलं तापमान वाढून १५ ते २० अंशांच्या घरात राहू लागलं. आता ११ अंशांच्या गजराचं काय होणार? तो कायमच वाजत राहील, किंवा गप्प करावा लागेल. नव्या तापमानाला साजेसा तो पुन्हा लावला गेला नव्हता. शीतकरण बंद करणं हा एक निर्णय. पण त्याबरोबर गजरही गेला, आणि हा दुसरा निर्णय कोणी घेतला असं म्हणण्याजोगंही काही नाही. तो आपोआप झाला. मला पहिल्यापेक्षा याचीच जास्त भीती वाटते.

२ डिसेंबरच्या रात्री टाकीत पाणी शिरलं. ते कसं शिरलं यावर कंपनी आणि बाकीचे यांच्यात आजवर एकमत नाही, त्यात मी शिरत नाही. कंट्रोल रूममध्ये रात्री १०.२० ला दाब २ पौंड होता, ११ वाजता १०. पण २ ते २५ पौंड हा नेहमीचाच टप्पा, त्यामुळे नव्या पाळीला त्यात वावगं दिसलं नाही. शिवाय तिथल्या मापकांवर कामगारांचा फारसा भरवसा उरला नव्हता. डोळे चुरचुरायला लागले तेव्हा गळती कळली, म्हणजे सेन्सरचं काम माणसांच्या डोळ्यांनी केलं. मध्यरात्रीनंतर साडेबाराच्या सुमारास दाबाचा काटा ५५ वर होता आणि तापमानाचा २५ वर. दोन्ही आकडे आपापल्या मोजपट्टीचे शेवटचे. म्हणजे २५ हे तापमान नव्हतंच, ‘यापुढे मला दिसत नाही’ एवढाच त्याचा अर्थ होता. टाकीच्या आत प्रत्यक्षात २०० अंशांच्याही वर तापमान गेलं होतं, असा अंदाज नंतरच्या तपासात निघाला. त्यानंतर जे घडलं ते जेपी नगर, काझी कॅम्प, छोला इथल्या लोकांनी भोगलं आणि अजून भोगत आहेत.

फ्रीज आणि मिकची टाकी यांची तुलना होऊ शकत नाही, हे कळतं. पण गजर लावताना विचारायचे प्रश्न तेच आहेत, म्हणून मी ते फ्रीजसाठी कागदावर लिहून काढले.

पहिला, कशाचं तापमान? दार उघडलं की फ्रीजमधली हवा अर्ध्या मिनिटात चार-पाच अंश चढते, बाटलीतलं द्रव जागचं हलत नाही. हवेवर गजर लावला तर भाजी काढताना, दूध काढताना, मुलांनी नुसतंच डोकावताना तो वाजेल आणि दोन दिवसांत कोणीतरी वायर उपटेल. म्हणून सेन्सर पिशवीत घालून पाण्याच्या छोट्या बाटलीला चिकटवला. लसींच्या फ्रीजमध्येही अनेक ठिकाणी सेन्सर द्रवाच्या बाटलीत बुडवून ठेवतात, कारण हेच. लसींवरून आठवलं, सरकारच्या ‘ईविन’ योजनेत लस साठवणाऱ्या केंद्रांच्या फ्रीजमध्ये सेन्सर बसवलेले असतात आणि तापमान मर्यादेबाहेर गेलं की संबंधितांना संदेश जातो. सुरुवातीच्या राज्यांत आपला मध्य प्रदेश होता.

दुसरा, कितीवर? मी ८ नाही, ७ लावला. खाली २ नाही, ३. आणि सलग पंधरा मिनिटं आकडा बाहेर राहिला तरच संदेश. आठवडाभराचा आलेख पाहून दाराचा कप्पा बाद झाला, दुपारी तो सहज दहाच्या वर जात होता. सर्वांत वरचा, फ्रीझरखालचा मागचा कोपराही बाद, तिथे पहाटे शून्याकडे झुकत होता. मधला कप्पा, पुढची बाजू, ही जागा ठरली. तुमच्या फ्रीजमध्ये वेगळी निघेल, मोजूनच ठरवा.

तिसरा प्रश्न सॉफ्टवेअरवाल्यांचा आवडता: आकडा खोटा असेल तर? टीएमपी११७ चालू होताना पहिली मोजणी पूर्ण होईपर्यंत उणे २५६ सांगतो. स्वस्तात मिळणारा ‘डीएस१८बी२०’ सुरुवातीला ८५ सांगतो आणि त्याची तार तुटली की अर्डुइनोवरची नेहमीची लायब्ररी उणे १२७ दाखवते. ही तापमानं नाहीत, निरोप आहेत. प्रोग्रॅमने ते वेगळे ओळखायला हवेत. सरासरीत मिसळले की आलेख दिसायला छान आणि अर्थाने शून्य. आणि दहा मिनिटं काहीच आकडा आला नाही, तर तोही गजरच. दिवे गेले की फ्रीज आणि पहारेकरी दोघंही एकदमच झोपतात, म्हणून रास्पबेरी पाय आणि वायफायचा राउटर इन्व्हर्टरवर घेतले.

चौथा, ऐकणार कोण? पहिल्या रचनेत संदेश माझ्या फोनवर येत होता आणि मी ऑफिसमध्ये. घरी दुपारी फक्त आजी, आणि ती फोन फक्त बहिणीशी बोलायला उचलते. मग स्वयंपाकघरात बझर बसवला. मे महिन्यात फ्रीजचं दार नीट लागलं नव्हतं तेव्हा तो वाजला, तिने उठून दार लावलं आणि पुन्हा जाऊन झोपली. संध्याकाळी फक्त एक तक्रार केली: आवाज कुकरच्या शिट्टीसारखा आहे, ती आधी गॅसकडे धावली. आता तीन आखूड, एक लांब असा वाजतो.