‘सेंद्रिय’ कुणी म्हणायचं?

गेल्या वर्षी आमच्या गटाने तूरडाळीच्या पाकिटावर ‘सेंद्रिय’ असं छापलं. एका गिऱ्हाइकाने विचारलं, “ताई, प्रमाणपत्र?” आम्ही गप्प.

युरिया बंद करून शेणखत घातलं, की माल लगेच सेंद्रिय ठरत नाही. हंगामी पिकांच्या जमिनीला साधारण 2 वर्षं रूपांतरात जातात. शेजारची फवारणी वाऱ्याने येऊ नये म्हणून बांधालगत पट्टाही सोडावा लागतो.

बाहेरच्या संस्थेकडून तपासणी लहान शेतकऱ्याला महाग पडते. तिच्यासाठी पीजीएस-इंडिया आहे. किमान 5 शेतकऱ्यांचा गट करून एकमेकींची शेतं आपणच तपासायची. रूपांतरात ‘पीजीएस-ग्रीन’, पुढे ‘पीजीएस-ऑरगॅनिक’.

अवघड एवढंच, की मैत्रिणीकडे तणनाशक दिसलं तर कागदावर लिहायचं. पहिल्याच तपासणीत बाटली माझ्या गोठ्यात निघाली. ह्यांनी बांधावर मारलं होतं. बायकांनी माझ्याकडे पाहिलं, आणि लिहिलं.